आकाशाची पोथी सर्वांस उघडून देणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित

आज मकरसंक्रांत. आमच्या सिन्नरनगरीत गोंदेश्वराच्या प्रांगणात प्रातःकाळी उभे राहिले म्हणजे कोवळे ऊन शिवाच्या मुख्य मंदिरावर पडते, तसेच भोवतीच्या विष्णू, गणेश, पार्वती आणि सूर्य यांच्या लहान देवळांवरही पडते. यादवकालीन शिल्पींनी या पंचायतनात सूर्यनारायणास मानाचे स्थान दिले आहे. त्याच सूर्याच्या मार्गाविषयी आमचे अज्ञान एकदा भरसभेत उघडे पडले. ते ज्यांच्या ग्रंथांनी दूर केले, त्या पुरुषाचे स्मरण आजच्या पर्वणीस करावे, असा आमचा मानस आहे.

काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या कीर्तनात आम्ही भीष्माख्यान लाविले होते. शरशय्येवर पडलेले पितामह उत्तरायणाची वाट पाहत आहेत, हा प्रसंग रंगात आला असता पुढे बसलेली एक शाळकरी मुलगी उठून उभी राहिली. सूर्य तर डिसेंबरच्या २१-२२ तारखेसच उत्तरेकडे वळतो असे आम्हांस शिकविले आहे, मग महाराज आज उत्तरायण लागले असे कसे म्हणतात, असे तिने विचारले. श्रोते हसले. आम्हीही हसून तिला खाली बसविले व कथा पुढे चालविली. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. उभा जन्म संस्कृताच्या अध्ययनात गेला, आणि एका बालिकेच्या सरळ प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते!

उत्तर मिळाले ते कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ग्रंथांत. दीक्षितांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळील मुरूड या गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण घेऊन ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि शिक्षक झाले. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुणे, अशा बदल्यांच्या गावी दिवसा मुलांस शिकवावे आणि उरलेला वेळ ग्रंथ, गणित आणि आकाश यांस द्यावा, हा त्यांचा आयुष्यक्रम होता.

आपणांस जे कळले ते सामान्य जनांसही कळावे, ही तळमळ त्यांच्या ठायी आरंभापासून होती. १८९२ साली, आमच्या नाशिक जिल्ह्यास लागून असलेल्या खानदेशात धुळ्यास असताना, त्यांचा ‘ज्योतिर्विलास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘रात्रीची दोन घटका मौज’ हे त्याचे दुसरे नाव. त्या नावातच त्यांचा सारा स्वभाव दिसतो. ज्योतिष म्हटले की कुंडली आणि फलादेश एवढेच लोकांस ठाऊक असताना, या शिक्षकाने ग्रह, तारे आणि नक्षत्रे यांची ओळख साध्या मराठीत करून दिली. घराच्या अंगणात उभे राहून, एक पैसाही न वेचता घेता येणारा हा आनंद त्यांनी सर्वांच्या हाती ठेविला.

विद्वानांतही त्यांचा अधिकार तेवढाच मोठा होता. फ्लीट यांनी १८८८ साली गुप्त राजांचे शिलालेख प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील तिथिवारांचे गणित दीक्षितांनी करून दिले. १८९६ साली रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्याच साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा महाग्रंथ प्रकाशित झाला. वेदकालापासून आपल्या काळापर्यंतचा ज्योतिषाचा इतिहास त्यांनी मराठीत मांडला. पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे झाली.

त्यांच्या दृष्टीचे एकच उदाहरण सांगतो. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा अर्थाचा उल्लेख शतपथब्राह्मणात आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो पाठ होत आला. दीक्षितांनी मात्र कृत्तिका आज कोठे उगवतात, ते पाहिले. आमच्या अक्षांशावर त्या पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवतात. मग वेदवाक्य खोटे काय? मुळीच नव्हे. भोवरा फिरता फिरता डुलतो, तसा पृथ्वीचा अक्ष अतिमंद गतीने डुलतो. त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पुरी होते. त्यामुळे संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो. याचेच नाव अयनचलन. कृत्तिका ठीक पूर्वेस केव्हा उगवत होत्या, याचे गणित मांडून दीक्षितांनी तो काल इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे ठरविला. त्यावर पुढे विद्वानांत वाद झाले. परंतु ते वचन लिहिणाऱ्याने आकाश प्रत्यक्ष पाहिले होते, हा दीक्षितांचा विश्वास आमच्या अंतःकरणात कायमचा ठसला.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी सूर्याचा मकरप्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच वेळी होत असे. अयनचलनाने दोहोंत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीस होती. आता ती १४ वा १५ जानेवारीस येते. ऋतू आणि सण यांची ही फारकत मिटावी, म्हणून विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासमवेत दीक्षितांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. लोकांनी तो मानला नाही. धर्मावर प्रेम करणाऱ्या या पुरुषास धर्मनिष्ठांचाच विरोध सोसावा लागला. पुढे १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, ती सायन वर्षमानावरच आधारलेली आहे. ते पाहण्यास दीक्षित नव्हते. १८९८ च्या एप्रिलात, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांचे देहावसान झाले होते.

सुज्ञ वाचकहो, संक्रांत कोणत्या दिवशी करावी, हा निर्णय आम्ही येथे देत नाही. आमच्या घरी आजही तिळगूळ आजच वाटला जातो. परंतु पुढल्या वर्षीच्या कीर्तनात आम्ही त्या मुलीस समोर बसविले, तिचा प्रश्न पूर्वरंगातच घेतला, आणि गतवर्षी उत्तर ठाऊक नव्हते म्हणून आपण हसलो, हे भरसभेत सांगितले. त्या दिवशी कोणी हसले नाही. परंपरा राखावयाची तर ती घडविणाऱ्यांप्रमाणे डोळे उघडे ठेवावे लागतात, हे आम्ही दीक्षितांपासून शिकलो, आणि त्या मुलीपासूनही.

कार्तिकेयास दूध पाजणाऱ्या कृत्तिकांची कथा आम्ही किती वेळा सांगितली, याची गणती नाही. त्या कृत्तिका आकाशात ओळखता येऊ लागल्या मात्र साठीच्या उंबरठ्यावर! आज रात्री पावणेनऊच्या सुमारास अंगणात अथवा गच्चीवर जावे. आकाश निरभ्र असल्यास जवळजवळ माथ्यावर ताऱ्यांचा एक लहानसा झुबका दिसेल. त्याच कृत्तिका. लेकरांस जवळ घेऊन त्या दाखवाव्या, आणि ती प्रश्न विचारतील तर त्यांस खाली बसवू नये.