किरमिजी रंगाने ओळख पटवलेली दहा गुणसूत्रे

एखाद्या बाळाच्या वाढीबाबत शंका आली की डॉक्टर कधी कधी गुणसूत्रांची तपासणी करायला सांगतात. अहवालासोबत एक छायाचित्र येते. त्यात 46 गुणसूत्रे उंचीप्रमाणे, जोडीजोडीने ओळीत मांडलेली असतात. कोणते पहिले, कोणते एकविसावे, हे प्रयोगशाळेत नेमके सांगता येते, म्हणूनच डाऊन सिंड्रोमसारख्या स्थितीचे निदान होते. पेशीतली गुणसूत्रे रंगवायची आणि एकेकाची ओळख पटवायची, ही विद्या बऱ्याच अंशी वनस्पतींवर घडली. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे आहेत हे 1956 मध्ये पक्के झाले. ते मोजणारे जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान हे दोघेही मुळात वनस्पतींच्या गुणसूत्रांचे अभ्यासक होते. त्यांच्याही आधी, मक्याच्या दहा गुणसूत्रांना एकेक करून ओळखणाऱ्या संशोधक म्हणजे बार्बरा मॅक्लिंटॉक.

त्यांचा जन्म 16 जून 1902 रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथे झाला. वडील होमिओपॅथीचे डॉक्टर. शिक्षण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाले. मुलगी फार शिकली तर तिचे लग्न जमणार नाही, या धास्तीने आईचा कॉलेजला विरोध होता. पहिल्या महायुद्धातली सेवा संपवून वडील घरी परतले आणि त्यांनी लेकीची बाजू घेतली. 1919 मध्ये बार्बरा इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाल्या. 1927 मध्ये त्यांनी तिथेच डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी कॉर्नेलमध्ये मक्याच्या आनुवंशिकतेचा मोठा अभ्यास चालू होता. दाण्यांचे रंग, पानांचे प्रकार, खोडाची उंची हे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात, याचे तक्ते तयार होते. काही गुण नेहमी जोडीने उतरतात हेही दिसले होते. म्हणजे त्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर असणार. पण ते गुणसूत्र कोणते? मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या सगळ्या सारख्याच, एकमेकांत गुंतलेल्या दिसत. तक्ता एकीकडे आणि पेशी दुसरीकडे, अशी ती अवस्था होती.

अडचण तंत्राची होती. वनस्पतीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे आणि मग रंग द्यायचा, अशी जुनी पद्धत होती. त्यात पातीखाली गुणसूत्रेही कापली जात. एकाच गुणसूत्राचे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या कापांत जात. 1920च्या दशकात जॉन बेलिंग या संशोधकाने सोपा मार्ग काढला. निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. कापड रंगवायला तो पूर्वापार वापरला जाई. बेलिंगने हा रंग अॅसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या आम्लात उकळला आणि त्यात लोहाचा अंश मिसळला. या द्रावाच्या थेंबात पेशी ठेवून वरून काच दाबली, की अख्खी पेशी चपटी होते, काहीही कापले जात नाही.

मॅक्लिंटॉक यांनी ही युक्ती मक्यासाठी घोटून घोटून पक्की केली. मक्याचा तुरा बाहेर पडण्याआधी, पोंग्यात असतानाच काढावा लागतो, कारण परागकण त्या वेळी तयार होत असतात. तुऱ्यातले कोवळे परागकोश तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात बुडवले की पेशी आहे त्या स्थितीत थांबतात. मग एक परागकोश काचपट्टीवर फोडायचा, रंगाचा थेंब सोडायचा, पातळ काच ठेवायची, पट्टी ज्योतीवरून हलकेच शेकायची आणि अंगठ्याने दाबायची. आंच कमी पडली तर रंग धरत नाही, जास्त झाली तर द्राव उकळून सगळे बिघडते. हात बसला की फिक्या पेशीत गडद गुणसूत्रे सुटी सुटी पसरलेली दिसतात.

दुसरी युक्ती पेशी निवडण्याची होती. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशीत वीस गुणसूत्रे असतात, तर परागकणात प्रत्येकी एक याप्रमाणे दहाच. गर्दी निम्मी झाली की ओळख सोपी होते. कोवळ्या परागकणाच्या पहिल्या विभाजनात मॅक्लिंटॉक यांनी दहाही गुणसूत्रे नीट मोजली. प्रत्येकाची लांबी वेगळी होती. प्रत्येकावरची आवळल्यासारखी दिसणारी चिमटीची जागा वेगळ्या ठिकाणी होती, त्यामुळे दोन्ही बाहूंच्या लांबीचे प्रमाण वेगळे होते. काहींवर गडद गाठी होत्या. सर्वांत लांब गुणसूत्राला 1 आणि सर्वांत आखूड गुणसूत्राला 10 असे क्रमांक मिळाले. हे काम 1929 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या 26 वर्षांच्या होत्या.

आता तक्ता आणि पेशी यांची सांगड घालता येणार होती. मॅक्लिंटॉक यांना शेतात गुणसूत्रांचे तीन संच असलेले मक्याचे एक रोप मिळाले होते. त्याच्या संततीत काही रोपांत एखादेच गुणसूत्र जादा असे. ते कोणते, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे आणि त्या रोपात कोणत्या गुणाचे नेहमीचे प्रमाण बिघडले आहे ते पाहायचे. ज्याचे प्रमाण बिघडले, त्याचे जनुक त्या जादा गुणसूत्रावर. अशा रीतीने त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या गटांना गुणसूत्रांचे पत्ते दिले.

1931 मध्ये हॅरिएट क्रायटन या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी आणखी मोठा प्रश्न सोडवला. जोडीतली गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, असे आनुवंशशास्त्रज्ञ मानत होते. पण ती प्रत्यक्ष कोणी दाखवलेली नव्हती. मॅक्लिंटॉक यांच्याकडे नवव्या गुणसूत्राचा एक खास नमुना होता. त्याच्या एका टोकाला गाठ होती, तर दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा जोडला गेला होता. दोन्ही टोकांना खूण असलेली दोरीच ती. दाण्याचा रंग आणि त्याचा मेणचट पोत ठरवणारी जनुके याच गुणसूत्रावर होती. ज्या रोपांत या गुणांची नवी जुळणी झाली, त्यांत गाठ आणि तुकडाही एकमेकांपासून वेगळे झालेले दिसले. थॉमस हंट मॉर्गन यांच्या आग्रहावरून निबंध तातडीने छापला गेला. काही आठवड्यांतच कर्ट स्टर्न यांनी फळमाशीत तीच गोष्ट दाखवली.

एवढे काम करूनही कायमची नोकरी मिळेना. स्त्रीला वनस्पतिशास्त्रात प्राध्यापकपद मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. काही वर्षे शिष्यवृत्त्यांवर काढल्यावर 1936 मध्ये मिसुरी विद्यापीठात जागा मिळाली. तिथेही भविष्याची खात्री दिसेना, म्हणून 1941 मध्ये त्या बाहेर पडल्या आणि न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत आल्या. पुढचे सारे आयुष्य तिथेच गेले.

तिथे त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. काही रोपांत नववे गुणसूत्र पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी तुटत होते. आणि पुढे ती तुटण्याची जागाच बदलली! आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा जागा बदलत होता. तो रंगाच्या जनुकात जाऊन बसला की दाणा फिका होई. दाणा वाढताना काही पेशींतून तो निघून गेला की तिथे रंगीत ठिपके उमटत. नवव्या गुणसूत्राचा कानाकोपरा त्यांना ठाऊक होता, म्हणूनच हा बदल त्यांच्या नजरेत भरला. 1951 मध्ये त्यांनी हे एका परिषदेत मांडले. श्रोत्यांना फारसे पटले नाही. काही वर्षांनी त्यांनी या विषयावर लिहिणे जवळजवळ थांबवले, पण मक्याची पेरणी थांबवली नाही.

पुढे जिवाणूंमध्ये आणि फळमाशीतही असे फिरते तुकडे सापडले. प्रतिजैविकांना न जुमानण्याची क्षमता जिवाणूंमध्ये पसरते, त्यात या तुकड्यांचा मोठा हात असतो. माणसाच्या जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग अशाच तुकड्यांपासून आला आहे. 1983 मध्ये वयाच्या 81व्या वर्षी मॅक्लिंटॉक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही एकटीला. त्यांच्याकडे फोन नव्हता. ही बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. 2 सप्टेंबर 1992 रोजी, वयाच्या 90व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज किरमिजी रंगाच्या जोडीला चमकणारे रंग आले आहेत. डीएनएच्या छोट्या तुकड्याला असा रंग लावतात, काचपट्टीवरील गुणसूत्रांचे दोन धागे उष्णतेने सुटे करतात आणि तो तुकडा त्यावर सोडतात. तो आपल्या जुळणाऱ्या जागीच चिकटतो आणि ती जागा हिरवी, लाल किंवा निळी चमकते. गहू, ऊस यांसारख्या पिकांत रानटी जातीचा कोणता भाग आला आहे, हे अशा रंगकामातून कळते. 2004 मध्ये मक्याच्या मुळांच्या टोकांतील पेशींवर असे रंग वापरून दहाही गुणसूत्रे एकाच वेळी ओळखण्यात आली. हे काम झाले मिसुरी विद्यापीठात, मॅक्लिंटॉक यांनी 1941 मध्ये सोडलेल्या त्याच संस्थेत. ओळखीसाठी वापरलेल्या खुणांमध्ये एक खूण त्यांच्या चांगल्या परिचयाची होती. ती म्हणजे गुणसूत्रांवरच्या त्या गडद गाठी.