बर्था बेंझ आणि चामड्याची पट्टी

मोटारीचे जनक म्हणून कार्ल बेंझ यांचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि मोटारीचा इतिहास बहुधा त्याच तारखेपासून मोजला जातो. त्या कागदावर दुसरे कोणाचेही नाव नाही. पण घरच्या मोटारीच्या मागच्या चाकांचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलू लागलो आणि या वस्तूचा मूळ पुरुष कोण याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा माझी गाठ एका बाईशी पडली. त्या कार्ल यांच्या पत्नी, बर्था बेंझ.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्झहाइम गावी एका सधन घरात झाला. कार्ल बेंझ हुशार, परंतु हाती पैसा नाही आणि कारखान्यातील भागीदाराशी पटत नाही, अशा अवस्थेत होते. लग्न ठरले होते, व्हायचे होते. त्याआधीच बर्थाबाईंनी आपल्या हुंड्याची रक्कम मागून घेतली आणि तिच्यातून त्या भागीदाराला मोकळे केले. हुंड्याचा पैसा कोठे जातो हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. या मुलीने तो कोठे घालायचा हे स्वतः ठरवले. १८७२ साली लग्न झाले. पुढची कित्येक वर्षे ओढाताणीची गेली.

मोटार तयार झाली, तरी गिऱ्हाईक मिळेना. बिनघोड्याच्या गाडीवर विश्वास कोण ठेवणार? कार्ल सुधारणा करीत राहिले. आपला माल चारचौघांत मांडून खपवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. शेवटी ऑगस्ट १८८८ मध्ये, मुलांच्या शाळेला सुट्टी असताना, बर्थाबाईंनी एका पहाटे पतीला न सांगता गाडी बाहेर काढली. बरोबर १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ड. मानहाइमहून फोर्झहाइमला, आईच्या घरी जायचे होते. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. एवढा पल्ला तोवर कोणीही मोटारीने गाठला नव्हता.

वाटेत पेट्रोलपंप नव्हते, कारण मोटारीच नव्हत्या. वीस्लोख येथील औषधांच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन नावाचे द्रावक विकत घेतले आणि तेच इंधन म्हणून वापरले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याच्या पट्ट्याचे वेष्टन दिले. साखळी दुरुस्त करायला लोहार गाठला. चढ आला की मुले खाली उतरून गाडी ढकलीत. उतार मात्र ढकलून सुटत नाहीत. तेथे लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक झिजू लागले, पकड सुटू लागली. बर्थाबाईंनी गाडी एका मोच्याकडे नेली आणि ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराचा जन्म तो असा, रस्त्यावर झाला.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. वर्गात घर्षण शिकवताना फळ्यावर उतार काढतो, बाण काढतो. धावत्या गाडीची गतिज ऊर्जा थांबताना नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. आणि ती उष्णता सोसणारे काहीतरी मध्ये असावे लागते. ते काहीतरी मुद्दाम झिजणारे, स्वस्त आणि बदलता येणारे असावे, ही खरी युक्ती. चामड्यानंतर इतर अस्तरे आली. ॲस्बेस्टॉस आले आणि त्याच्या धुळीने फुप्फुसांचे रोग होतात हे कळल्यावर अनेक देशांनी ते टाकले. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. तत्त्व मात्र मोच्याच्या दुकानातलेच राहिले.

गाडीची पुढची चाके अडवून, हँडब्रेक सोडून, मागचा भाग जॅकने उचलून मी पक्क्या स्टँडवर टेकवतो. कॅलिपरचे बोल्ट पान्याने काढले की जुने पॅड हातात येतात. अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास उरले असेल तर ते बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे एकदमच. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवायचा. मागच्या चाकाची खुबी पुढे आहे. माझ्या गाडीत हँडब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनमध्ये असल्यामुळे तो नुसता दाबून आत जात नाही, दाबता दाबता फिरवावा लागतो. धूळ तोंडाने फुंकायची नाही. सगळे जोडून झाल्यावर पेडल घट्ट लागेपर्यंत दाबायचे आणि मगच गाडी हलवायची.

त्या दिवशी संध्याकाळी बर्थाबाईंनी पोहोचल्याची तार पतीला केली. काही दिवसांनी त्या गाडीनेच परतल्या. त्या प्रवासातील अडचणी पाहून चढासाठी आणखी एक गिअर आणि ब्रेकला अस्तर, या सुधारणा गाडीत आल्या. संशोधकाने यंत्र घडवले, पण ते कोठे कमी पडते हे ते वापरणाऱ्या व्यक्तीने दाखवले. शतक संपेपर्यंत बेंझ यांचा कारखाना जगातील सर्वांत मोठा मोटार कारखाना झाला होता.

कार्ल १९२९ साली वारले. ज्या कार्ल्सरूए येथील तंत्रविद्यालयात ते शिकले, त्याच संस्थेने ३ मे १९४४ रोजी, बर्थाबाईंच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, त्यांना सन्माननीय सिनेटर ही पदवी दिली. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी गाडी नेली तो मार्ग २००८ पासून त्यांच्या नावाचा स्मारकमार्ग आहे. आपल्याकडील विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, गॅरेजच्या उंबरठ्याबाहेर थांबतात आणि हात काळे करणे हे दुसऱ्याचे काम समजतात. त्यांनी हा रस्ता एकदा नकाशावर तरी बोटाने चालून पाहावा.