जंगलासाठी प्राण देणारे चिको मेंडिस

ब्राझील देशात ॲमेझॉनचे फार मोठे जंगल आहे. तिथे चिको मेंडिस नावाचे एक कामगार होऊन गेले. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९४४ रोजी शापुरी गावाजवळ झाला.

त्यांचे वडील रबराच्या झाडांचा चीक काढायचे. सालीला तिरपी चीर पाडली की दुधासारखा चीक गळतो. त्याचे रबर होते. झाड मरत नाही. चिको नऊ वर्षांचे असतानाच वडिलांबरोबर कामाला जाऊ लागले. म्हणजे माझ्याहून लहान! तिथे शाळाच नव्हती. मालकांना ती नकोच होती. कामगारांना वाचता येत नसे, म्हणून हिशेबात त्यांना फसवता येई. पुढे जंगलातल्याच एका माणसाने चिकोंना वर्तमानपत्रे घेऊन वाचायला शिकवले.

१९७० नंतर तिकडे मोठमोठे जमीनदार आले. ते जंगल तोडायचे, जाळायचे आणि गुरांसाठी कुरणे करायचे. रबराची झाडे गेली की कामगारांचे पोट कसे भरणार?

माझे वडील शेतकरी आहेत. म्हणून मला प्रश्न पडला, शेती करणे वाईट आहे का? पण तसे नाही. रबर काढणारे लोकही घराजवळ थोडी शेती करायचे. पण सगळे जंगल तोडायचे नाहीत.

१९७६ पासून कामगार बायकामुलांसह झाडे तोडणाऱ्यांसमोर जाऊन उभे राहू लागले. आपल्याकडे हिमालयात १९७३ साली चिपको आंदोलन झाले, तसेच हे होते. चिको त्यांचे पुढारी झाले. १९८५ साली त्यांनी दूरदूरच्या रबर कामगारांना एकत्र आणले. जंगल तोडू नये, पण लोकांना तिथला चीक आणि फळे घेऊ द्यावीत, अशी त्यांची मागणी होती. १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांचा गौरव केला.

जमीनदारांना हे आवडले नाही. २२ डिसेंबर १९८८ रोजी चिकोंना त्यांच्या घरीच गोळी घातली. ते फक्त ४४ वर्षांचे होते. १९९० साली एका जमीनदाराला आणि त्याच्या मुलाला शिक्षा झाली. त्याच वर्षी सरकारने नऊ लाख हेक्टरांहून जास्त जंगल राखून ठेवले. त्याला चिकोंचे नाव दिले.

आजही जगात सर्वात जास्त जंगल शेती आणि कुरणांसाठीच तुटते. मला वाटते, शेती करावी, पण जंगल राखून करावी. चिको मेंडिस यांना माझा नमस्कार.