काटकसरीचा घुमट

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे का म्हणतात, ते मला आमच्या घराचा स्लॅब पडायच्या आठवड्यात कळले. कंत्राटदाराने पुढे केलेल्या कागदावरचे सिमेंट, सळई, खडी, वाळूचे आकडे समजण्यासारखे होते. सेंट्रिंगच्या आकड्यावर मात्र मी अडखळलो. फळ्या, बल्ल्या, प्लेटा, सुतारांची मजुरी. हे सगळे आज उभे करायचे, त्यावर काँक्रीट ओतायचे आणि काही दिवसांनी काढून न्यायचे. ज्याचा एक तुकडाही घरात राहणार नाही, त्याला एवढे पैसे? कंत्राटदार नुसता हसला. हा प्रश्न त्याला नवा नसावा.

इटलीतल्या एका इंजिनिअरने हाच प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला आणि त्याच्या उत्तरातून विसाव्या शतकातली काही अतिशय देखणी क्रीडागृहे उभी राहिली, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आले. पिएर लुइजी नेर्वी हे त्यांचे नाव. तेव्हापासून हा माणूस माझ्या मनात घर करून आहे.

मोठी स्टेडियमे म्हटली की दोन तऱ्हा आपल्या परिचयाच्या असतात. एक, पैशाला पैसा न म्हणता बांधलेली, डोळे दिपवणारी. दुसरी, पैसे नाहीत म्हणून गोदामासारखी उरकलेली. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने १९७६च्या ऑलिंपिकसाठी जे भव्य स्टेडियम बांधले, त्याचा कलता मनोरा खेळ सुरू झाले तेव्हा अर्धवटच होता आणि त्याचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. ज्या मुलांनी तिथे टाळ्या वाजवल्या, ती कर्ज फिटेपर्यंत चाळिशीत पोचली. सौंदर्य हवे तर खिसा रिकामा करा आणि खिसा सांभाळायचा तर सौंदर्य विसरा, असेच जणू ठरून गेलेले आहे. नेर्वींना हे मान्य नव्हते. आणि त्यांचे न मानणे केवळ व्याख्यानापुरते नव्हते, त्यांनी ते स्वतःच्या पैशावर पारखले.

नेर्वींचा जन्म २१ जून १८९१चा, आल्प्सच्या कुशीतल्या सोंद्रिओ गावचा. १९१३मध्ये बोलोन्या विद्यापीठातून ते स्थापत्य अभियंता झाले. सळईचे काँक्रीट त्या वेळी तरुण होते आणि त्याचे स्वभाव कोणाला पुरते उमगलेले नव्हते. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या अभियंता दलात नोकरी झाली. विशीच्या दशकात त्यांनी रोममध्ये भागीदारीत बांधकामाची कंपनी काढली. १९२४मध्ये इरेने यांच्याशी लग्न झाले, पुढे चार मुलगे झाले. १९३२पासून बार्तोली या आपल्या नातलगाबरोबर त्यांनी जी कंपनी चालवली, तिनेच त्यांची बहुतेक गाजलेली कामे केली.

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळी मेख इथेच आहे. आराखडा काढणारा एक, बांधणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा, ही आपली नेहमीची रीत. आराखडा काढणाऱ्याची एखादी रेघ वाकडी गेली तर भुर्दंड तिसऱ्याला. नेर्वी आराखडाही काढत आणि कंत्राटही घेत. त्यांना बरीचशी कामे स्पर्धेतून मिळाली आणि ती मुख्यतः किंमत कमी आणि वेळ थोडा म्हणून मिळाली. दिलेल्या किमतीत काम बसले नाही तर तोटा त्यांच्या घरचा. त्यामुळे छप्पर दिसेल कसे, याच्या आधी ते बनेल कसे, हा विचार त्यांना करावाच लागे.

त्यांचे नाव झाले ते फ्लॉरेन्सच्या स्टेडियममुळे. १९३० ते १९३२ या काळात ते बांधले गेले. मुसोलिनीच्या राजवटीचे दिवस होते आणि स्टेडियमला नावही एका फॅसिस्ट कार्यकर्त्याचे होते. तो डाग त्या काळाचा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. पण वास्तू पाहावी तर प्रेक्षकांच्या डोक्यावरचे छप्पर बावीस मीटरच्या आसपास पुढे झेपावते आणि समोर एकही खांब नाही. मागच्या बाजूला वर जाणारे गोल जिने जणू हवेतच वळसे घेतात, कारण त्यांना पेलणारी तुळईही उलट दिशेने वळत वर जाते. वर संगमरवराचे आवरण नाही, कोरीवकाम नाही, उघडे काँक्रीट आहे. जे भार वाहते तेच दिसते, आणि जे दिसते त्यात उगाच काही नाही.

१९३५नंतर त्यांनी हवाई दलासाठी विमानांच्या प्रचंड शेड बांधल्या. इटलीत तेव्हा पोलादाची टंचाई होती. पहिल्या शेडचे काँक्रीट जागेवरच ओतले आणि त्यासाठी लाकडाचे जंगल उभे करावे लागले. इथेच तो सेंट्रिंगचा प्रश्न त्यांच्या मनात रुतला असावा. पुढच्या शेडसाठी त्यांनी छपराचे तुकडे जमिनीवरच साच्यात ओतले आणि मग वर नेऊन जोडले. वजन घटले, लाकूड घटले. १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्या शेड उडवून दिल्या. नेर्वींना त्याचे दुःख जन्मभर राहिले. तरी त्या ढिगाऱ्यातून एक गोष्ट त्यांना कळली. एवढ्या उंचीवरून छप्पर कोसळूनही जोडलेले सांधे बहुतेक जागी शाबूत होते.

युद्धाच्या त्याच वर्षांत त्यांनी फेरोसिमेंट हाताळायला घेतले. बारीक तारेच्या जाळ्यांचे थर आणि त्यात दाबून भरलेला सिमेंटचा गिलावा. आपल्याकडे फेरोसिमेंटच्या पाण्याच्या टाक्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कल्पना जुनी होती. लांबो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशी होडी केली होती. नेर्वींनी तिला नवा जन्म दिला. त्यांनीही १९४५-४६च्या सुमारास एक १६५ टनी जहाज बांधून पाहिले आणि त्याला पत्नीचे नाव दिले. जेमतेम दीड इंचाच्या भिंतीचे ते जहाज समुद्रावर चालले.

या साहित्याचा मोठा गुण असा की, त्याचे पातळ पत्रे हव्या त्या वळणाचे करता येतात आणि हेच पत्रे वरच्या काँक्रीटचा साचा होतात. म्हणजे सेंट्रिंग काढून फेकायचे नाही, तेच छप्पर होऊन राहते! १९४८-४९मध्ये तूरिनच्या प्रदर्शनगृहाचे लाटांसारखे छप्पर याच युक्तीने काही महिन्यांत उभे राहिले. बांधले होते प्रदर्शनासाठी, पण २००६च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिथे आइस हॉकीचे सामने झाले.

मग आले १९६०चे रोम ऑलिंपिक. आपल्याला ते दोन जखमांमुळे आठवते. मिल्खा सिंगांचे ब्राँझ सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकले आणि हॉकीचे सुवर्ण प्रथमच आपल्या हातून गेले. ती दोन्ही मैदाने नेर्वींची नव्हती. त्यांची होती ती अशी. वितेलोत्सी या वास्तुविशारदाबरोबर बांधलेला पालाझेत्तो, म्हणजे छोटा क्रीडामहाल. पियाचेन्तिनींबरोबरचा मोठा क्रीडामहाल, ज्याचा घुमट शंभर मीटर रुंद आहे आणि जिथे अठरा वर्षांच्या कॅशियस क्लेने, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीने, सुवर्णपदक जिंकले. आणि मुलगा अंतोनियोबरोबरचे फ्लामिनिओ स्टेडियम, जिथे फुटबॉलचा अंतिम सामना झाला.

यांतला पालाझेत्तो मला सर्वांत प्रिय आहे. १९५६-५७मध्ये बांधलेल्या या गृहात ऑलिंपिकच्या वेळी वेटलिफ्टिंग झाले, बास्केटबॉलही झाले. सुमारे साठ मीटर रुंदीचा घुमट, भोवती इंग्रजी वाय अक्षरासारखे कललेले ३६ खांब. घुमटाचे १६२० तुकडे जमिनीवर, मोजक्याच साच्यांतून पुन्हा पुन्हा ओतून काढले. ते वर मांडून मधल्या फटींत सळया घालून काँक्रीट भरले. त्या भरलेल्या फटी म्हणजेच घुमटाच्या बरगड्या. आत उभे राहून वर पाहिले तर सूर्यफुलातल्या बियांसारखी एकमेकींना छेदत जाणारी नक्षी दिसते. ती कोणी शोभेसाठी काढलेली नाही. ते सांधे आहेत, आणि सांधे आहेत कारण तुकडे आहेत, आणि तुकडे आहेत कारण लाकूड वाचवायचे होते. घुमटाची कडा पदरासारखी चुण्या घेते, तीही काठ ताठ राहावा म्हणून. तिच्याखालून चहूबाजूंनी उजेड आत येतो आणि एवढे मोठे छप्पर तरंगल्यासारखे वाटते.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९६०मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने या इंजिनिअरला आपले सुवर्णपदक दिले. हार्वर्डने व्याख्यानांना बोलावले. ९ जानेवारी १९७९ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, रोममध्ये त्यांचे निधन झाले.

एवढे सारे असूनही त्यांची पद्धत जगभर का पसरली नाही? याचे उत्तर नेर्वींच्या भक्तांना अवघड जाते. युद्धानंतरच्या इटलीत लाकूड-पोलाद महाग होते आणि मजूर स्वस्त. जाळ्या विणणारे, साचे घासणारे, गिलावा दाबणारे शेकडो कसबी हात कमी मजुरीत मिळत होते. त्या घुमटाच्या स्वस्ताईत त्या हातांचा घामही मिसळलेला आहे. मजुरी वाढत गेली तशी ही काटकसर काटकसर राहिली नाही. तेव्हा नेर्वींचा घुमट जसाच्या तसा उचलण्यात शहाणपण नाही. उचलायची ती सवय. आपल्या गावात आज काय महाग आहे, काय स्वस्त आहे आणि काय वाया जाते आहे, हे रेघ ओढण्याआधी विचारण्याची.

आणखी एक हिशेब बांधताना कोणी मांडत नाही, तो सांभाळण्याचा. फ्लामिनिओवर २०११पर्यंत रग्बीचे आंतरराष्ट्रीय सामने होत. नंतर ते ओस पडले, पायऱ्यांवर गवत उगवले. फ्लॉरेन्सचे स्टेडियम पाडून नवे बांधायचा आग्रह झाला, तेव्हा २०२१मध्ये सरकारला त्याचे जिने आणि मनोरा यांच्या बाजूने उभे राहावे लागले. पालाझेत्तो मात्र दुरुस्त होऊन पुन्हा खेळाडूंसाठी उघडला. काटकसरीने बांधलेली वास्तूही देखभालीचे पैसे मागतेच. ते आपण कोणाच्या खिशातून देणार, हे आधी ठरवलेले बरे.

हल्ली कुठल्याही नव्या स्टेडियमचे रंगीत चित्र छापून आले की माझे लक्ष आधी त्या चित्राकडे जात नाही. हे चित्र काढणाऱ्याला त्याची किंमत चुकली तर काही सोसावे लागणार आहे का, एवढेच मी बातमीत शोधतो. आणि मान वर करून आमच्या छताकडे पाहतो. फळ्या कधीच गेल्या, त्यांच्या लाकडाच्या रेषा मात्र गिलाव्याआधी काँक्रीटवर उमटल्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. नेर्वींनी त्या फळ्याच वाचवल्या असत्या.