पालवणकर बाळू : श्रमातून घडलेला गोलंदाज

नांदेड-लातूरच्या परिसरात शरीरसामर्थ्याचा विषय निघाला की प्रथम तालीम आठवते, दंड-बैठका आठवतात आणि निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव ओठांवर येते. तालमीत वस्ताद असतो. कोवळ्या मुलाला किती मेहनत पेलेल, कोणता डाव त्याला साधेल, हे तो जाणतो. परंतु ज्याला वस्ताद लाभला नाही, ज्याच्यासाठी मैदान हे केवळ मजुरीचे ठिकाण होते, अशा एका खेळाडूचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. ते म्हणजे भारतातील पहिले थोर फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म 1876 मध्ये धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. पुढे हे कुटुंब पुण्यात राहिले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट खेळू लागले. शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि घराला हातभार लावण्यासाठी बाळूंनी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात काम धरले. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे, या कामाचे वेतन दरमहा 3 रुपये होते. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे 4 रुपये मिळू लागले आणि जाळी उभारणे, टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे ही कामेही अंगावर आली.

आजचे प्रशिक्षक ज्याला शक्तिसाधना म्हणतात, ती बाळूंच्या वाट्याला अशी पोटाच्या कामातून आली. जड रोलर ओढताना पाय, कंबर आणि पाठ यांना भार पेलण्याची सवय होते. फिरकी गोलंदाजाला याच अवयवांचा आधार लागतो. थकलेल्या पायांवर उभा असलेला गोलंदाज टप्पा चुकवतो. शिवाय खेळपट्टी रोज हाताखालून गेल्यामुळे ती कोठे ओलसर आहे, कोठे भेगाळली आहे, चेंडू कोठून वळेल, याचे ज्ञान त्यांना आपोआप होत गेले असणार.

क्लबातील एका गोऱ्या सभासदाने त्यांना जाळ्यात गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले. त्यानंतर कॅप्टन ग्रेग हे नामांकित फलंदाज नियमाने त्यांच्याकडून चेंडू टाकून घेऊ लागले. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे ग्रेग यांनी कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडला तरी शेकडो तासांचा तो सराव खरा आहे. डाव्या हाताने संथ चेंडू टाकणारे बाळू टप्पा, दिशा आणि वेगातील सूक्ष्म फरक यांवर विलक्षण हुकमत मिळवून बसले. मात्र त्या सर्व वर्षांत पूना क्लबाच्या जाळ्यात एकदाही त्यांच्या हाती बॅट देण्यात आली नाही. फलंदाजी साहेबांनी करावयाची आणि नोकराने चेंडू टाकावयाचा, ही तेथील रीत होती. क्लबाला ज्याचा उपयोग होता तेवढेच कौशल्य त्यांच्या अंगी रुजू दिले गेले.

त्यांच्या गोलंदाजीची कीर्ती पुण्याच्या हिंदू संघापर्यंत पोहोचली. अस्पृश्य मानलेल्या खेळाडूस संघात घ्यावे की नाही यावर तेथे वाद झाला; अखेर युरोपियनांना हरवण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला, परंतु चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या पात्रातून चहा दिला जाई आणि जेवणासाठी त्यांचे ताट वेगळे मांडले जाई. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यापूर्वी बाळूंच्या गोलंदाजीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर अनेक दिवस रोलर फिरवून घेतला होता, असे सांगितले जाते. ज्याने तारुण्यातील वर्षे रोलर ओढण्यात घालवली, त्याला ती खेळपट्टी अनोळखी नव्हती. बाळूंनी 7 बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला.

प्लेगच्या साथीनंतर ते मुंबईस आले, रेल्वेत नोकरीस लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंचे 8 बळी होते. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने गमावणाऱ्या त्या संघात बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात 114 बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी 103 धावांत 8 गडी बाद केले. तेव्हा ते पस्तिशीचे होते. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता, असे सांगितले जाते.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. वर्षानुवर्षे नावाची चर्चा होई आणि दर वेळी दुसऱ्याची निवड होई. 1920 मध्ये तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. त्या दबावामुळे पुढच्या सामन्यात बाळूंना उपकर्णधार करावे लागले.

बाळूंची खरी कमाई त्यांच्या धाकट्या भावांत दिसते. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही मोठ्या भावाच्या मागोमाग मैदानावर आले आणि त्यांच्या हाती वेळेवर बॅट आली. शिवराम 1911 च्या दौऱ्यात सहभागी होते. विठ्ठल उत्कृष्ट फलंदाज झाले आणि 1923 मध्ये हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांनी स्पर्धा जिंकली. थोरल्यास जे दार बंद होते ते धाकट्यासाठी उघडले, पण त्यासाठी एका माणसाचे संपूर्ण आयुष्य खर्ची पडले.

राजकारणात बाळूंचा मार्ग बाबासाहेबांहून वेगळा होता, हे या स्मरणिकेत लपवण्याचे कारण नाही. 1932 च्या पुणे करारावर दोघांच्याही स्वाक्षऱ्या आहेत. मात्र 1937 च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. मतभेद होते, तरीही अस्पृश्य मानलेला माणूस गुणांत कोणापेक्षाही कमी नाही, हे बाळूंनी मैदानावर फार आधी सिद्ध केले होते. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहताना हे चरित्र काही मागणी करते. शेतातल्या आणि घरातल्या कष्टांनी काटक झालेली मुले येथे येतात. त्या काटकपणाला शास्त्रशुद्ध व्यायाम, पुरेसा आहार, विश्रांती आणि वयाला झेपेल एवढाच भार यांची जोड देणे हे क्रीडाशिक्षकाचे काम आहे. याहून मोठे काम संधीच्या वाटपाचे आहे. चेंडू आणून देणारा मुलगा, मैदान झाडणारी मुलगी, संघात शेवटचे नाव असलेला विद्यार्थी यांच्या हाती बॅट कधी येते, याचा हिशेब प्रत्येक शाळेने ठेवला पाहिजे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी सुटीच्या दिवशी मैदानावर यावे आणि तो हिशेब स्वतः तपासावा.