लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ

लॉरेन्झो लॉरेन लँगस्ट्रॉथ (२५ डिसेंबर, १८१० - ६ ऑक्टोबर, १८९५) हे अमेरिकन धर्मोपदेशक, शिक्षक व मधमाशीपालक होते. हलत्या चौकटींच्या आधुनिक मधपेटीचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

लँगस्ट्रॉथ यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. १८३१ मध्ये येल येथून पदवी घेतल्यावर ते मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मोपदेशक झाले. त्यांना नैराश्याचा विकार होता व तो आयुष्यभर उलटत राहिला. मधमाशीपालन हा आरंभी त्यांचा विरंगुळा होता.

मधपेटी

त्या काळी पोळी पेटीच्या भिंतींना चिकटलेली असत. ती कापल्याखेरीज आतील रोग, कीड वा राणीमाशी यांचा पत्ता लागत नसे. मधासाठी संपूर्ण वसाहत गंधकाच्या धुराने मारण्याचीही प्रथा होती. फट फार अरुंद असल्यास मधमाश्या ती राळेने बुजवतात आणि फार रुंद असल्यास तिच्यात पोळे बांधतात. सुमारे ३/८ इंचाची फट मात्र त्या ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात. हे अंतर लँगस्ट्रॉथ यांच्या आधीही काहींच्या पाहण्यात आले होते. १८५१ मध्ये लँगस्ट्रॉथ यांनी ते चौकटीच्या सर्व बाजूंना राखण्याची कल्पना योजली, आणि त्यांचे खरे श्रेय यातच आहे. त्यामुळे प्रत्येक पोळे अखंड उचलून तपासता येऊ लागले.

या पेटीचे पेटंट त्यांना १८५२ मध्ये मिळाले. पुढील वर्षी त्यांचा ‘द हाइव्ह अँड द हनी-बी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मात्र पेटीची सर्रास नक्कल झाली. पेटंटच्या वादांत त्यांचा पैसा व प्रकृती दोन्ही खर्ची पडले आणि शोधाच्या मानाने त्यांना फारसे उत्पन्न मिळाले नाही. ओहायो राज्यातील डेटन येथे चर्चमध्ये प्रवचन करीत असतानाच त्यांचे निधन झाले.

प्रभाव

भारतात सातेरी मधमाश्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान पेट्याही हलत्या चौकटींच्याच असतात.

एकविसाव्या शतकात इस्रायलमध्ये विकसित झालेल्या यंत्रमानवी मधपेट्यांतही हेच तत्त्व आहे. त्यांतील यांत्रिक हात चौकट उचलून कॅमेऱ्यासमोर धरतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली छायाचित्रांवरून अंडी, अळ्या, अन्नसाठा व व्हरोआ माइट ही परजीवी कीड ओळखते. पोळे भिंतीला चिकटलेले असते, तर या यंत्रालाही ते कापूनच बाहेर काढावे लागले असते.