बंदूक शिकायला गेलेला वर्ध्याचा पोरगा मेक्सिकोत शेतीचा प्रोफेसर झाला

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक प्रश्न हमखास येतो. शेतीकडे जाऊन करणार काय? पनवेलजवळच्या उलव्यात तर हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. सिडकोने जमिनी घेतल्या, भातखाचरांच्या जागी सेक्टर आले, विमानतळासाठी टेकडी कापली, नदी वळवली. शेतच उरलं नाही तर शेतीची पदवी घेऊन काय करायचं, असं आईबापांना वाटणारच.

पण शेतीच्या शिक्षणावर पोट भरायला स्वतःचं शेत लागतंच असं नाही. शंभर वर्षांपूर्वी वर्ध्याच्या एका माणसाने हे करून दाखवलं होतं. त्याच्याकडे शेतच काय, परत यायला देशही उरला नव्हता.

त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजेंचा जन्म 1880च्या दशकातला, वर्ध्याचा. पुढचं शिक्षण नागपुरात झालं. ते शाळकरी वयात असताना 1896-97 आणि पाठोपाठ 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ पडले. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्यातच लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव पडला आणि गड्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की इंग्रजांना घालवायचं तर लढाईचं शास्त्र शिकायला हवं. ते इथे कोण शिकवणार? म्हणून विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी देश सोडला. आधी जपान, मग 1907च्या सुमारास अमेरिका.

गंमत बघा, ते परदेशी निघाले त्याच सुमारास म्हणजे 1906 साली नागपुरात कृषी महाविद्यालय सुरू झालं होतं. पण तेव्हा खानखोजेंना नांगर नको होता, बंदूक हवी होती.

ती मिळालीही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत त्यांनी लष्करी शिक्षण घेतलं. पण त्याबरोबर कॉलेजचं शिक्षणही चालू होतं, आणि तिथे त्यांनी विषय घेतला शेती. ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात ते शिकले, मग वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून 1913 साली शेतीतली मास्टर्स पदवी घेतली.

त्याच काळात ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांमध्ये राबणाऱ्या पंजाबी मजुरांना ते संघटित करत होते. 1913 मध्येच गदर पक्ष उभा राहिला. खानखोजे त्याच्या संस्थापक मंडळींपैकी एक. सशस्त्र उठावाच्या तयारीची बाजू त्यांच्याकडे होती. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते तुर्कस्तानमार्गे इराणात पोहोचले, तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. हा भाग एखाद्या सिनेमाला पुरून उरेल, पण त्याचा शेवट पराभवातच झाला. उठाव फसला. युद्ध संपल्यावर बर्लिन, 1921 साली मॉस्को, असं फिरणं चालू राहिलं. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे भारताचा रस्ता बंद होता.

चाळिशी आली होती. ना घर, ना नोकरी. हातात होती ती शेतीची पदवी.

1924 साली खानखोजे मेक्सिकोत उतरले. देश म्हणून ही निवड अचूक होती. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती, जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटणं चालू होतं. पण जमीन मिळाली म्हणून पीक येतं का? शिकवणारी माणसं हवी होती. कॅलिफोर्नियात असल्यापासून ओळख असलेले रामोन दे नेग्री आता तिथल्या सरकारात वजनदार होते. त्यांच्या मदतीने खानखोजेंना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायची नोकरी लागली. हे विद्यालयही एका जुन्या जमीनदारी हवेलीतच भरायचं.

मका म्हणजे मेक्सिकोची भाकरी. मक्याचा एक रानटी पूर्वज आहे, तेओसिंते. त्याचं कणीस बोटाएवढं, दाणे मोजके आणि दगडासारखे, पण झाड चिवट. खानखोजेंनी मका आणि तेओसिंते यांचा संकर केला. हे काम एका हंगामात होत नाही. परागकण हाताने घालायचे, आलेलं बी पेरायचं, बरी झाडं निवडायची, बाकीची काढून टाकायची आणि पुन्हा पेरायचं. गव्हाच्या वाणांवरही त्यांनी असंच काम केलं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची वाणं काढली गेली, त्यामागेही निवडीचा हाच धीर आहे.

पण प्रयोगशाळेत बसून राहण्याचा या माणसाचा पिंड नव्हता. त्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा काढल्या. बियाणं कसं निवडायचं, पीक कसं वाढवायचं हे थेट त्यांच्या गावात जाऊन शिकवायचं. चापिंगोजवळच्या ओकोपुल्को गावातल्या अशाच एका शाळेला क्रांतिकारक शेतकरी नेता एमिलियानो झपाटा यांचं नाव दिलं होतं. तीना मोदोत्ती ही त्या काळची गाजलेली फोटोग्राफर. तिने या शाळांचे आणि मक्याच्या प्रयोगांचे फोटो काढले. आणि दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर खानखोजेंना रंगवलं. चित्रात ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना भाकरी वाटताना दिसतात. दुष्काळ बघून घराबाहेर पडलेल्या माणसाला यापेक्षा नेमकं चित्र कोणी काढलं नसतं.

1936 साली त्यांनी बेल्जियन वंशाच्या जीन सिंडिक यांच्याशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. संसार मेक्सिकोतच रमला.

भारत स्वतंत्र झाल्यावरही परत येणं सोपं नव्हतं, कारण इंग्रज गेले तरी त्यांची काळी यादी मागे राहिली होती. अखेर 1949 साली तेव्हाच्या मध्य प्रांत सरकारच्या बोलावण्यावरून शेतीविषयक सल्ला देण्यासाठी ते नागपूरला आले. चाळीसेक वर्षांपूर्वी गेलेला तरुण आता पासष्टीचा म्हातारा झाला होता. पुन्हा मेक्सिकोला जाऊन 1950च्या दशकात ते कायमचे परतले. मेक्सिकोत जो मान होता, तसा इथे फारसा वाट्याला आला नाही. जानेवारी 1967 मध्ये नागपुरातच त्यांचं निधन झालं.

सप्टेंबर 2022 मध्ये चापिंगोच्या कृषी विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारला गेला. लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्याचं अनावरण केलं, आणि बऱ्याच मराठी माणसांना हे नाव त्या बातमीतूनच पहिल्यांदा कळलं.